पार्श्वभूमी : पोस्टरवरचे टाके आणि बरणीतला मेंदू

मृतांचे अवयव जोडून एक प्राणी घडवणाऱ्या आणि त्यात जीव ओतणाऱ्या माणसाची गोष्ट सांगणाऱ्या, मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’वर बेतलेली एक एकांकिका सध्या ठाण्यात बसते आहे. वाद मात्र तिच्या पोस्टरवरून पेटला आहे. त्यावर तो प्राणी आहे: चपटं डोकं, कपाळावर टाके, मानेत खिळे. चेहऱ्यावर भाजल्याचे किंवा शस्त्रक्रियेचे व्रण वागवणाऱ्यांनी हे कोणत्या नजरेनं बघायचं, असा आक्षेप आहे. त्यावर मंडळाचं उत्तर, ‘मुळातच तो तसा आहे.’

मुळात तो तसा नाही. १८१८ च्या कादंबरीत त्याची उंची आठ फूट, त्वचा पिवळट, केस काळेभोर आणि दात मोत्यासारखे आहेत. निर्मात्यानं अवयव निवडतानाही ते देखणे असावेत याची काळजी घेतली होती. देहात जीव येताच सगळ्यात आधी पळाला तो निर्माताच, आणि तेव्हा त्या प्राण्यानं कुणाचं काहीच वाकडं केलेलं नव्हतं. पुढे तो बुडणाऱ्या मुलीला वाचवतो आणि बक्षीस म्हणून बंदुकीची गोळी खातो. पहिल्या भेटीतच त्याचं आपुलकीनं ऐकून घेतो तो एक आंधळा म्हातारा. म्हाताऱ्याचा डोळस मुलगा घरी येतो आणि काठीनं झोडपायला लागतो. झिडकारणं आधी, खून नंतर, हा क्रम लेखिकेनं पक्का ठेवला आहे.

कुरूप म्हणजे दुष्ट हे समीकरण अर्थात तिच्याही फार आधीचं. मंथरेचं कुबड आपल्याला आठवतं. राजसभेत अष्टावक्राला हसणाऱ्यांची फजिती झाली, हेही. एकोणिसाव्या शतकानं या समजुतीला विज्ञानाचा कोट चढवला. जन्मजात गुन्हेगार चेहऱ्यामोहऱ्यावरून ओळखता येतो, असा दावा करणारं एका इटालियन डॉक्टरचं पुस्तक १८७६ मध्ये आलं. १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’त एक पात्र त्याच डॉक्टरचं नाव घेऊन रक्तपिपासू काउंट ड्रॅक्युलाला गुन्हेगारांच्या वर्गात बसवतं. ही हवा फक्त कादंबऱ्यांत नव्हती. अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारणारा कायदा ब्रिटिशांनी भारतात १८७१ मध्येच केला होता, आणि तो रद्द व्हायला १९५२ उजाडलं.

पोस्टरवरचा चेहरा १९३१ च्या हॉलिवूडपटाचा आहे. शल्यविशारद मेंदू घालायला कवटी डब्याच्या झाकणासारखी कापेल, या मेकअपकाराच्या तर्कातून ते चपटं डोकं आलं. पण माझ्या मते चेहऱ्यापेक्षा मोठं नुकसान पटकथेतल्या एका निर्णयानं केलं. मदतनीस वैद्यकीय महाविद्यालयात मेंदू चोरायला जातो, चांगल्या मेंदूची बरणी दचकून हातातून पाडतो आणि गुन्हेगाराच्या मेंदूची बरणी उचलून आणतो. कादंबरीत याचा मागमूसही नाही. एका बरणीनं सगळा दोष गावावरून, बापावरून, बघणाऱ्यांच्या डोळ्यांवरून उचलून त्या प्राण्याच्या कवटीत नेऊन ठेवला. ‘ठाण्याला पाठवा’ म्हटलं की माणसाचं म्हणणं ऐकायची जबाबदारी संपते, तसाच हा प्रकार. मनोरुग्णालयाच्या गावात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

निर्णयाची बाजू घेणारे म्हणतात की दिग्दर्शकानं तो धागा पुढे मुद्दाम ढिला सोडला. ते अगदीच खोटं नाही. पडद्यावर तो प्राणी छतातून येणाऱ्या उजेडाकडे हात पसरतो, मशालीनं डिवचल्यावर बिथरतो. तळ्याकाठी लहान मुलीसोबत पाण्यात फुलं सोडतो आणि फुलं संपल्यावर, तीही तरंगेल या समजुतीनं, तिलाच पाण्यात टाकतो. यात गुन्हेगार मेंदू कुठे दिसतो? पण सेन्सॉरनं नेमका तो प्रसंग कापला. अनेक प्रेक्षकांना त्याचे पुढे झालेले हात आणि नंतर बापाच्या हातातलं पोरीचं प्रेत, एवढंच दिसलं. मधलं त्यांनी मनानं भरलं, आणि बरणी त्यांच्या लक्षात होतीच. कापलेला तुकडा चित्रपटात परत यायला १९८० चं दशक उजाडलं.

१९३५ च्या पुढच्या भागात तोच दिग्दर्शक आंधळ्याच्या झोपडीकडे परतला. तिथे व्हायोलिन आहे, भाकरतुकडा आहे, बोलायला शिकवणारा मित्र आहे. दोन डोळस शिकारी दारात येईपर्यंत सगळं सुरळीत चालतं.

पुढे टाके आणि व्रण ही खलनायकाची ओळखच झाली, आपल्या हिंदी-मराठी पडद्यावरसुद्धा. भारतात २०१६ च्या कायद्यानं ॲसिडहल्ल्यात विद्रूप झालेल्यांना अपंगत्वाच्या व्याख्येत घेतलं. ब्रिटनमधल्या चित्रपटांना पैसा पुरवणाऱ्या एका संस्थेनं २०१८ मध्ये जाहीर केलं की व्रण म्हणजे दुष्टपणा असं दाखवणाऱ्या चित्रपटांना यापुढे निधी नाही.

पोस्टर बदलायचं की नाही हे मंडळानं ठरवावं. संहितेच्या सध्याच्या खर्ड्यात मात्र बरणीचा प्रसंग जसाच्या तसा आहे, आणि त्यावर अजून कुणी हरकत घेतलेली नाही.