ह्यूस्टनचा ओझोन : नव्वदचे ऐंशी टक्के कसे झाले

नायट्रोजन ऑक्साइड (थोडक्यात नॉक्स) वातावरणाच्या वरच्या थरात ओझोन खातात आणि खालच्या थरात तयार करतात, हे १९७०च्या दशकातच स्पष्ट झाले होते. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टनची गोष्ट खालच्या, म्हणजे आपण श्वास घेतो त्या थरातली आहे.

१९९९मध्ये हे शहर ओझोनची मर्यादा ओलांडणाऱ्या दिवसांत लॉस एंजेलिसच्याही पुढे गेले. मर्यादा होती तासाच्या सरासरीला ०.१२ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ०.१२ भाग. कोडे वेगळेच होते. दुपारी एखाद्या मोजणी केंद्रावर ओझोन एकाएकी उसळे आणि थोड्या अंतरावरच्या केंद्रावर त्याचा मागमूसही नसे.

ऑगस्ट-सप्टेंबर २०००मध्ये संशोधन विमाने वाऱ्याच्या दिशेने धुराचे लोट आडवे कापत उडाली. वीजकेंद्रांच्या लोटांत ओझोन सावकाश वाढताना दिसला, तर जहाज-कालव्याकाठच्या पेट्रोकेमिकल कारखान्यांच्या लोटांत झपाट्याने. त्या हवेत इथिलीन आणि प्रॉपिलीन हे झटकन ओझोन घडवणारे वायू भरपूर होते. कारखान्यांनी कागदावर दाखवलेल्या उत्सर्जनाशी ताडून पाहिले तर फरक दहा ते शंभर पटींचा.

या आकड्यांचे विश्लेषण व्हायच्या आतच, डिसेंबर २०००मध्ये राज्याने आराखडा मंजूर केला : कारखान्यांचे नायट्रोजन ऑक्साइड ९० टक्क्यांनी घटवा. महिन्याभरात उद्योग न्यायालयात गेले. खर्च अवाढव्य, शिवाय स्रोताजवळ नायट्रिक ऑक्साइड (नॉक्सपैकीच एक) ओझोन खातो, म्हणून कपातीने तिथे ओझोन वाढेलही, असे त्यांचे म्हणणे. दुसरा मुद्दा रसायनशास्त्राच्या दृष्टीने खोटा नव्हता, पण अर्धाच होता. लोट पुढे सरकून पातळ झाला की हिशेब उलटतो, आणि लोक तर पुढच्या गावांतही राहतात.

तडजोडीत विज्ञानाचा फेरआढावा ठरला. डिसेंबर २००२च्या सुधारणेत ९०चे ८० टक्के झाले आणि बदल्यात इथिलीन, प्रॉपिलीन, ब्युटाडाइन व ब्युटिन यांवर नियंत्रण आले. ओझोन तेवढाच उतरेल, असे गणित मांडले गेले. ‘विमानांनी नॉक्सला निर्दोष ठरवले’ हे वाक्य तेव्हापासून फिरते आहे. विमानांनी तसे काही दाखवले नव्हते. या वायूंकडून ओझोन होण्यासाठीही नॉक्स लागतोच. दुर्लक्षित राहिलेला साथीदार तेवढा मोजमापात सापडला होता.

२००६मध्ये विमाने पुन्हा आली. इथिलीन उतरलेले दिसले, तरी कागदावरच्या आकड्यांहून ते बरेच जास्तच होते. मग संशय फ्लेअरवर, म्हणजे जादा वायू जाळणाऱ्या मशालींवर स्थिरावला. त्यांतून जवळपास ९८-९९ टक्के वायू जळतो असे नोंदींत धरलेले असे. २०१०मध्ये मुद्दाम चाचण्या घेतल्या, तेव्हा ज्वाळेत वाफ जास्त सोडली की ज्वलन त्याच्या बरेच खाली घसरते असे आढळले. आणि धूर दिसू नये म्हणून वाफ तर सोडली जातच होती.