पारदर्शक पेशी पाहण्याच्या दोन पद्धती: फेज कॉन्ट्रास्ट आणि डिजिटल होलोग्राफी

गालाच्या आतून खरवडून घेतलेली पेशी रंग न देता पाण्याच्या थेंबात ठेवली, तर साध्या सूक्ष्मदर्शकात ती जेमतेम दिसते, कारण ती प्रकाश फारसा शोषत नाही, त्याला फक्त किंचित मागे पाडते. पेशीची जाडी 5 मायक्रोमीटर आणि तिच्या व पाण्याच्या अपवर्तनांकांतला फरक 0.04 धरला, तर हे मागे पडणे 200 नॅनोमीटर भरते, म्हणजे हीलियम-निऑन लेसरच्या 633 नॅनोमीटर तरंगलांबीच्या जवळपास एक तृतीयांश. तरंगाचे हे सरकणे म्हणजेच फेजमधला फरक. डोळ्याला आणि कॅमेऱ्याला केवळ तीव्रता कळते, फेज कळत नाही. दोन्ही पद्धती याच अडचणीवर उपाय शोधतात, म्हणून त्यांची गल्लत होते.

डच भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्स झेर्निके यांना 1953 चे नोबेल मिळवून देणाऱ्या फेज कॉन्ट्रास्टमध्ये, नमुन्यातून न वळता आलेल्या प्रकाशाचा फेज एका खास काचेच्या चकतीने पाव तरंगाने सरकवला जातो आणि त्याची तीव्रताही कमी केली जाते. मग नमुन्याने विखुरलेल्या प्रकाशाशी त्याचे व्यतिकरण होऊन, म्हणजे दोन्ही तरंग मिसळून कुठे बळावून तर कुठे विझून, अदृश्य फरक उजेड-अंधारात उतरतो. जिवंत पेशींवर रोज नजर ठेवायला याहून सोयीचे साधन क्वचितच असेल. मात्र या उजेडावरून जाडी काढू नये: फेजमधला फरक अगदी लहान असेल तेव्हाच उजेड त्याच्या प्रमाणात असतो, शिवाय पेशीच्या कडेभोवती प्रभावळ उमटते, जी पेशीचा भाग नसतेच.

होलोग्राफीचे, म्हणजे तरंगाची तीव्रता आणि फेज दोन्ही नोंदवण्याचे, तत्त्व भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गॅबर यांनी 1948 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सुधारण्याच्या प्रयत्नात मांडले. त्यांच्या रचनेत खऱ्या प्रतिमेवर तिची जुळी प्रतिमा चढत असे. एमेट लीथ आणि जुरिस उपात्निएक्स यांनी 1962 मध्ये संदर्भ-किरण (नमुन्यातून न जाणारा, तुलनेसाठीचा किरण) तिरका आणून या दोन प्रतिमा वेगळ्या केल्या. आजच्या डिजिटल होलोग्राफीत कॅमेरा नमुन्यातून आलेला प्रकाश आणि संदर्भ-किरण यांच्या व्यतिकरणाचे बारीक पट्टे, म्हणजेच होलोग्राम, टिपतो आणि संगणक त्यांतून प्रत्येक बिंदूचा फेज आकड्यात काढतो. नमुना फोकसबाहेर राहिला असला, तरी त्याच नोंदीवरून प्रतिमा नंतर गणिताने फोकसमध्ये आणता येते. फेज कॉन्ट्रास्टच्या छायाचित्राबाबत ही सोय नाही.

पण हा आकडाही सावधपणे वाचावा लागतो, कारण त्यात जाडी आणि अपवर्तनांकातला फरक यांचा गुणाकार असतो. पेशी फुगली की तिच्यातील प्रथिने दाट झाली, हे एकट्या फेजवरून सांगता येत नाही. सिलिकॉनवर घडवलेल्या सूक्ष्म पायऱ्या हवेत, परावर्तित प्रकाशात मोजताना ही अडचण राहत नाही, आणि एकाच पदार्थाच्या पृष्ठभागावर फेजवरून थेट उंची मिळते. म्हणूनच सूक्ष्मनिर्मितीच्या तपासणीत ही पद्धत मला अधिक मोलाची वाटते. तिथे प्रकाश जाऊन परत येत असल्याने अर्ध्या तरंगलांबीपेक्षा उंच पायरी मात्र संदिग्ध ठरते, आणि ती निश्चित करायला जवळच्या दुसऱ्या तरंगलांबीने आणखी एक होलोग्राम घेतात.