जांघेतली रस्सीखेच : हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर फुटबॉलकडे

जालन्याच्या किंवा लातूरच्या मोंढ्यात पाठीवर ५० किलोचे पोते घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या हमालाला ‘हर्निया’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही; ‘आंत उतरली’ एवढे म्हटले की त्याला पुरते. म्हणूनच नांदेडकडचा चोवीस वर्षांचा एक बचावपटू, जो पुण्यातल्या एका संघाकडून करारावर खेळतो, शस्त्रक्रियेनंतर माझ्याकडे व्यायामासाठी आला, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, “सर, मी आयुष्यात पोतं उचललं नाही, मग माझी आंत कशी उतरली?” त्याच्याबरोबर आलेल्या आईचा प्रश्न वेगळा होता. “लेकराला सा महिने काही उचलू द्यायचं नाही म्हणतेत, खरं हाय का?” तिकडे संघाचा प्रशिक्षक फोनवर विचारत होता की, दहा दिवसांत तो सरावाला येईल ना. सहा महिने आणि दहा दिवस हे दोन्ही आकडे चूक होते, आणि दोन्हींमागे समज एकच होती : दुखणे म्हणजे एक भोक आहे आणि भोक बुजले की माणूस बरा.

भोक असते, हे खरेच. पोटाच्या भिंतीच्या खालच्या भागात, जांघेच्या घडीच्या किंचित वर, दोन्ही बाजूंना सुमारे ४ सेंटिमीटर लांबीचा एक तिरपा बोगदा असतो. गर्भावस्थेच्या शेवटच्या महिन्यांत मुलाचे वृषण पोटातून याच वाटेने खाली उतरतात आणि त्यांच्या रक्तवाहिन्या व शुक्रवाहिनी यांची जुडी पुढे जन्मभर त्याच बोगद्यातून जात राहते. स्त्रियांमध्ये तिथून एक बारीक अस्थिबंध जातो आणि बोगदा अरुंद असतो. पुरुषांपैकी सुमारे २७ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी सुमारे ३ टक्क्यांना आयुष्यात केव्हा ना केव्हा जांघेचा हर्निया होतो, तो मुख्यत्वे या फरकामुळे. वाट पूर्ण मिटलेली नसेल, किंवा मागची भिंत पातळ झाली असेल, तर पोटातले आवरण आणि त्याच्यामागोमाग आतडे किंवा चरबी पुढे ढकलली जाते. उभे राहिल्यावर फुगवटा दिसतो आणि आडवे पडल्यावर तो आत जातो. ज्याने ट्रॅक्टरचे फाटलेले टायर पाहिले आहे, त्याला हे चित्र ओळखीचे वाटेल : टायरला चीर पडली की आतल्या ट्यूबचा फुगा बाहेर डोकावतो.

ही चीर ओझ्यामुळेच पडते, असे मात्र नाही. हर्निया असलेल्यांच्या ऊतींमध्ये कोलॅजनच्या, म्हणजे ऊतींना बळकटी देणाऱ्या प्रथिनाच्या, मजबूत प्रकाराचे प्रमाण लवचीक पण दुबळ्या प्रकाराच्या तुलनेत घटलेले आढळते, आणि घरात वडिलांना किंवा भावाला हर्निया असेल तर आपल्याला तो होण्याची शक्यता वाढते. राहिला पोटातल्या दाबाचा मुद्दा. अमेरिकेत वीस निरोगी तरुण माणसांच्या पोटातला दाब वेगवेगळ्या हालचालींच्या वेळी मोजला गेला, आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे आकडे मला अजूनही थक्क करतात. नुसते उभे असताना हा दाब पाऱ्याच्या सुमारे २० मिलिमीटर होता, उभ्याने खोकताना तो १०७ च्या घरात गेला आणि जागच्या जागी उडी मारताना १७१ पर्यंत पोहोचला. हातात वजन घेऊन कोपर वाकवण्याच्या व्यायामात तो उभे राहण्याच्या दाबापेक्षा फारसा वाढला नाही. म्हणजे आईने लेकाला बादली उचलू दिली नाही, पण खोकल्याकडे आणि शौचाच्या वेळी कुंथण्याकडे दुर्लक्ष केले, तर काळजी चुकीच्या जागी घेतली गेली. शस्त्रक्रियेनंतरच्या काही वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते. पहिल्या आठवड्यात भरपूर पाणी, ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरणे यांचे मोल बादली न उचलण्याहून अधिक आहे.

फुटबॉलपटूच्या बाबतीत याहून अवघड प्रश्न निदानाचा असतो. पुरुषांच्या वरच्या दर्जाच्या फुटबॉलमध्ये एकूण दुखापतींपैकी ४ ते १९ टक्के दुखापती जांघेच्या असतात, पण त्यांतल्या बहुतेकांत खरा हर्निया नसतोच. जांघेच्या मध्यभागी जघनास्थी नावाचे हाड असते. पोटाचा सरळ स्नायू त्याला वरून ओढतो आणि मांडी आत घेणारा लांब स्नायू खालून. दोघांचे तंतू हाडासमोर एकमेकांत मिसळलेले असतात. गावच्या रस्सीखेचीत दोरीच्या मधोमध रुमाल बांधतात, तशी या हाडाची अवस्था असते. लांब चेंडू मारताना खेळाडू मारणारा पाय मागे नेतो तेव्हा पोटापासून मांडीपर्यंतची संपूर्ण पुढची बाजू धनुष्यासारखी ताणली जाते, आणि पाय मागून पुढे वळण्याच्या त्या निमिषात मांडीचा आतला स्नायू ताणलेला असतानाच जोराने आकुंचन पावतो. एका सरावात हे कित्येक डझन वेळा घडते. त्यात अचानक दिशा बदलणे आले, आणि आपल्याकडच्या मैदानांवर, जिथे उन्हाळ्यात मुरूम सिमेंटसारखा घट्ट होतो, टेकलेल्या पायाला बसणारा हिसकाही आला.

लंडनचे शल्यविशारद जेरी गिलमोर यांनी १९८० मध्ये अशा दुखण्याने खेळ थांबलेल्या तीन व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये बोगद्याच्या तोंडाजवळचे पडदे फाटलेले पाहिले. फुगवटा किंवा पिशवी मात्र नव्हती. पुढे याला ‘स्पोर्ट्स हर्निया’ हे नाव चिकटले, आणि माझ्या मते त्या नावाने बरेच नुकसान केले, कारण हर्निया म्हटले की पुढचा शब्द ऑपरेशन हाच येतो. २०१४ मध्ये दोह्याला जमलेल्या तज्ज्ञांनी हे नाव टाळावे असे सुचवून जांघेच्या दुखण्याची विभागणी कोणती रचना दुखते यावर केली : मांडीचा आतला स्नायू, खुब्यासमोरचा स्नायू, जांघेचा बोगदा, जघनास्थी, आणि यांखेरीज खुद्द खुब्याचा सांधा. हे वेगळेपण केवळ शब्दांचे नाही. डेन्मार्कमधल्या १९९९ च्या एका चाचणीत आतल्या स्नायूचे जुने दुखणे असलेल्या ६८ खेळाडूंचे दोन गट केले होते. क्रमाने वाढत जाणारे बळाचे व्यायाम केलेल्या गटातले २३ जण दुखण्याशिवाय पूर्वीच्या पातळीवर खेळू लागले, तर मसाज, स्नायू ताणण्याचे व्यायाम आणि यंत्राचे उपचार घेतलेल्या गटातले केवळ ४. उलट, बोगद्याजवळचे दुखणे महिनोन्‌महिने न हटलेल्या ६० खेळाडूंवरच्या फिनलंडमधल्या चाचणीत (२०११) दुर्बिणीतून जाळी बसवलेल्यांपैकी ९० टक्के तीन महिन्यांत खेळाकडे परतले, आणि शस्त्रक्रियेविना उपचार घेतलेल्यांपैकी २७ टक्के. एकाच जांघेत बोटभर अंतरावर असलेल्या दोन दुखण्यांपैकी एकाला व्यायाम लागतो आणि दुसऱ्याला कधीकधी शस्त्रक्रिया. म्हणून तपासणाऱ्याचे बोट नेमके कुठे पडते याला सोनोग्राफीच्या अहवालाइतकेच महत्त्व आहे.

आमच्या बचावपटूला मात्र खराच हर्निया होता. सराव संपल्यावर उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ दिसायची आणि झोपल्यावर नाहीशी व्हायची, त्यामुळे वादाला जागाच नव्हती.

या शस्त्रक्रियेला आधुनिक रूप देणारे इटलीचे एदुआर्दो बासिनी तरुणपणी, १८६७ मध्ये, लढाईत संगिनीने जांघेतच जखमी झाले होते. वीस वर्षांनी, १८८७ मध्ये, त्यांनी बोगद्याची मागची भिंत थरांनी शिवून काढण्याची आपली पद्धत मांडली. शिवणीत अडचण एकच होती, ती म्हणजे ताण. दूरच्या कडा ओढून शिवल्या की दुखते जास्त आणि टाके सुटण्याचा धोकाही वाढतो. अमेरिकेत लिश्टेनस्टाइन यांनी १९८० च्या दशकात कडा न ओढता त्यांवर पॉलिप्रॉपिलीनची जाळी बसवण्याची पद्धत रुळवली. जाळी नको म्हणणारेही आहेत : पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी रुग्णाच्याच पोटाच्या बाहेरच्या स्नायूच्या पडद्याची पट्टी वापरून भिंत मजबूत करण्याची पद्धत २००१ मध्ये प्रसिद्ध केली आणि ती परदेशातही वापरली गेली. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत जाळी भिंतीच्या आतल्या बाजूने, पोटाचे आवरण आणि स्नायू यांच्या मध्ये सरकवतात. पुन्हा ट्रॅक्टरकडे वळायचे तर हे थेट गेटर, म्हणजे टायरच्या आत बसवायचा रबरी तुकडा, लावणे आहे. फाटलेल्या टायरला आतून गेटर लावला की ट्यूबमधली हवाच त्याला चिरेवर दाबून धरते. तसेच पोटातला दाब जाळीला भिंतीशी घट्ट बसवतो. जो दाब शत्रू होता, तोच इथे कामाला लागतो.

याच कारणाने जाळी निघेल या भीतीपोटी सहा महिने अंथरुणात ठेवण्याला आधार नाही. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की, सोसवेल तितक्या लवकर रुग्णाने नेहमीची कामे सुरू करावीत, आणि बहुतेकांना हे तीन ते पाच दिवसांत जमते. नेहमीची कामे म्हणजे सामना नव्हे, हे प्रशिक्षकाला समजावणे मला आईला समजावण्यापेक्षा जड गेले. जाळीच्या छिद्रांतून पेशी शिरून कोलॅजन विणायला पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जोराने सुरुवात करतात, परंतु ते कच्चे असते. त्याची पुनर्रचना वर्षभर चालू राहते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, दुखऱ्या भागाभोवतीच्या स्नायूंना मेंदू आपसूक आवरून धरतो. गाठ गेली तरी हा आवर लगेच सुटत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी दोन-तीन महिने खेळाडू लंगडत, पाऊल आखडत खेळलेला असतो, म्हणून मांडीचा आतला स्नायू आधीच दुबळा झालेला असतो. गेटर पक्का आणि रस्सीखेचीतला एक गडी आजारी, अशी ही स्थिती असते.

दहा दिवसांचा आकडाही कुठून आला, ते माहीत आहे. २००७ मध्ये इंग्लंडचा मायकेल ओवेन हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर अगदी थोड्याच दिवसांत मैदानात उतरला आणि त्याने गोलही केला, आणि अशा बातम्या लोकांच्या लक्षात राहतात. दिमतीला चोवीस तास वैद्यकीय चमू असलेल्या खेळाडूचे उदाहरण नांदेड ते पुणे एसटीने प्रवास करणाऱ्या मुलाला लावण्यात अर्थ नाही.

सर्वसाधारणपणे पहिल्याच दिवशी चालणे, पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात स्थिर सायकल आणि पोटाचे हलके व्यायाम, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सरळ रेषेत धावणे, त्यानंतर वळणे, मग चेंडू, आणि चार ते आठ आठवड्यांच्या दरम्यान सामना, असा क्रम असतो. परंतु कॅलेंडर फक्त अंदाज देते. परवानगी द्यायची ती चाचणीने. महागडे बलमापक यंत्र माझ्याकडे नाही. त्याऐवजी रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचा पट्टा मी वापरतो, आणि ही माझी युक्ती नाही, खेळवैद्यकात ती रूढ आहे. खेळाडूला उताणे झोपवून गुडघे वाकवायला सांगायचे, गुंडाळलेला पट्टा दोन गुडघ्यांमध्ये ठेवून त्यात पारा १० मिलिमीटरवर येईपर्यंत हवा भरायची आणि म्हणायचे, “दाब.” पहिल्या वेळी पारा १३० च्या आसपास अडखळला, आणि त्याच्या उजव्या भुवईवरची आठी मला पाऱ्याच्या आधी दिसली. तो आकडा आणि त्याने दुखण्याला दहापैकी दिलेले गुण आम्ही भिंतीवरच्या कागदावर लिहीत गेलो. गुणांसाठी याच धर्तीवरची आणखी सोपी पद्धत आहे : पाय सरळ ठेवून पाच सेकंद एकमेकांकडे जोराने दाबायचे, दुखणे दोनपर्यंत असेल तर हिरवा दिवा, तीन ते पाच पिवळा, सहा किंवा त्याहून अधिक असेल तर लाल. चौथ्या आठवड्यात त्याचा सरळ धावण्याचा वेग पूर्वीइतका झाला होता आणि तो सामन्याला जाण्याचा हट्ट धरून बसला होता, पण दाबताना दिवा पिवळाच होता. छत्रपती संभाजीनगरमधल्या गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात पहाटे सहाला, ऊन चढण्याआधी, त्याला उजव्या पायाने लांब चेंडू मारायला लावले. पहिले आठ चेंडू झकास गेले; नवव्याला त्याने पाय मागे पुरता नेलाच नाही. दुखले का, विचारले तर म्हणाला, “दुखलं नाही सर, भ्या वाटलं.” ही भीतीसुद्धा बरे होण्याचाच भाग आहे, आणि ती बोलून जात नाही, चेंडूंची संख्या हळूहळू वाढवल्याने जाते.

मध्येच एका सकाळी त्याने घाबऱ्याघुबऱ्या फोन केला की, गाठ परत आली. जिथे फुगवटा होता तिथे शस्त्रक्रियेनंतर पाणी साठून मऊ सूज येऊ शकते. ती बहुधा काही आठवड्यांत आपोआप जिरते. शल्यविशारदांनी तपासून तसेच सांगितले. ताप, वाढती लाली, जखमेतून पू, किंवा आत न जाणारी दुखरी गाठ आणि उलट्या मात्र थांबून पाहण्याच्या गोष्टी नव्हेत. तीन महिन्यांनंतरही दुखत राहणे सुमारे दहापैकी एका रुग्णात आढळते. जांघेतून जाणाऱ्या बारीक नसा दुखावणे किंवा व्रणात अडकणे हे त्याचे एक कारण, आणि अशा दुखण्यावर दात-ओठ खाऊन सराव करणे हा उपाय नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हर्निया उलटण्याचा धोका वाढतो, हे संघातल्या इतरांनाही ऐकवून टाकले.

सातव्या आठवड्यात पट्ट्यावरचा पारा २२० च्या वर गेला, दुखणे शून्य, आणि तो त्या रविवारी शेवटची पंचवीस मिनिटे खेळला. आता राहिला आहे तो एक कंटाळवाणा व्यायाम. कुशीवर झोपून वरचा पाय जोडीदाराच्या हातात द्यायचा आणि त्याच पायाच्या जोरावर कंबर व खालचा पाय जमिनीपासून उचलायचा. कोपनहेगनच्या नावाने ओळखला जाणारा हा व्यायाम संपूर्ण हंगामभर केलेल्या नॉर्वेच्या अर्धव्यावसायिक संघांमध्ये जांघेच्या तक्रारी ४१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१९ मध्ये दिसून आले. सुट्टीत घरी आला की त्याचा पाय धरायला धाकटा भाऊ असतो. ओसरीवर घोंगडी अंथरून दोघे मोजत बसतात, आणि दहाच्या पुढे गेले की भाऊच आधी थकतो.