आई गुलाम तर मूल गुलाम: पिढ्यांच्या कादंबऱ्यांमागचा इतिहास

आफ्रिकन वंशाच्या लेखकांच्या कादंबऱ्या इतक्या वेळा पणजीपासून सुरू होऊन पणतूपर्यंत का येतात, तर लोक मौखिक परंपरा वगैरे सांगतात, ते खोटं नाही, पण मला विचाराल तर मूळ कायद्यात आहे. १६६२ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीने ठरवलं की मुलाचा दर्जा आईवरून, म्हणजे आई गुलाम तर मूल गुलाम, मग बाप गोरा मालक का असेना. इंग्रजांकडे दर्जा बापाकडून यायचा, तो इथे सोयीने उलटा केला, त्यामुळे मालकाने जबरदस्ती केली तरी होणारं पोर त्याच्याच मालमत्तेत जमा.

त्यात कागदांचा घोळ. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची यादी वेगळी होती, मालकाचं नाव ठळक आणि त्याखाली नुसतं वय, लिंग, रंग. बहुतेकांची नावं थेट १८७० ला नोंदली गेली, म्हणून आजही घराण्याचा शोध घेणारे तिथे येऊन अडकतात. पुढचं काम कादंबरीने केलं. १९७६ ला ॲलेक्स हेलीचं 'रूट्स' आलं, पुढच्या वर्षी टीव्हीवर, आणि वंशावळी शोधायचं वेडच लागलं (हेलीच्या स्वतःच्या वंशावळीवर नंतर बऱ्याच शंका निघाल्या, ते असो).

१८६५ ला तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामी गेली खरी, पण 'गुन्ह्याची शिक्षा सोडून' अशी पळवाट ठेवून. मग किरकोळ कारणावरून काळ्या माणसाला पकडायचं आणि कैदी म्हणून खाणमालकाला भाड्याने द्यायचं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यात हे १९२८ पर्यंत चाललं! (आपल्याकडे जोतीरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्यांना अर्पण केली, तेव्हा तिकडे हे सुरू झालेलं होतं.)

'होमगोइंग' (२०१६) ही या जेसी (Yaa Gyasi) हिची कादंबरी इथेच घट्ट बसते. लेखिका घानात जन्मलेली, अलाबामात वाढलेली. घानातल्या केप कोस्ट किल्ल्यात एक सावत्र बहीण वरच्या मजल्यावर इंग्रज अधिकाऱ्याची बायको आणि दुसरी खाली तळघरात, जहाजाची वाट बघत, दोघींना एकमेकींचा पत्ताच नाही. खालचीचा वंश पुढे अलाबामाच्या कोळसा खाणीत, मग न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत. शेवटच्या पिढीतला मार्कस या भाड्याच्या कैद्यांवरच पीएचडी करतोय आणि विषय काही आवरत नाही, कारण कैद्यांवर लिहायचं तर दक्षिण सोडून उत्तरेकडे निघून गेलेल्या काळ्या माणसांबद्दल लिहावं लागतं, आणि तिथे पोचलं की हार्लेमच्या हेरॉइनबद्दल.