सात-एकची पार्श्वभूमी : मिनेराओतले प्रेक्षक त्या दिवशी असे का वागले?

८ जुलै २०१४. फुटबॉल विश्वचषकाचा उपांत्य सामना, यजमान ब्राझील विरुद्ध जर्मनी; तो ब्राझील १–७ असा हरला. बेलो होरिझोन्टेच्या मिनेराओ मैदानावर जर्मनीचा पाचवा गोल झाला तेव्हा सामन्याची २९ मिनिटे झाली होती. दुसरा, तिसरा, चौथा आणि पाचवा हे चार गोल अवघ्या सहा मिनिटांतले. त्यानंतर स्टँडमध्ये जे घडले, त्याच्या आठवणी माणसागणिक वेगळ्या आहेत. कुणाला रडणारी मुले आठवतात, कुणाला स्वतःच्याच आघाडीवीराची उडवलेली हुर्यो. राष्ट्राध्यक्षांच्या नावाने दिलेल्या शिव्याही अनेकांच्या लक्षात आहेत. आणि शेवटी शेवटी जर्मनांच्या प्रत्येक पासवर उठलेला ‘ओले’चा (म्हणजे ‘वाहवा’चा) गजर आणि सातव्या गोलला उभे राहून वाजवलेल्या टाळ्या तर कुणीच विसरलेले नाही. यजमान देशाच्या प्रेक्षकांनी आपल्याच घरात पाहुण्यांच्या गोलला टाळ्या का वाजवाव्यात, हे त्या नव्वद मिनिटांत शोधून सापडत नाही. त्यासाठी मागे जावे लागते.

मागे म्हटले की सगळे जण थेट १९५० गाठतात. त्या वर्षीच्या विश्वचषकात रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझीलची उरुग्वेकडून १–२ अशी हार, पावणेदोन लाखांवर माणसांची शांतता, आयुष्यभर दोषी ठरवला गेलेला गोलरक्षक, आणि अपशकुनी म्हणून टाकून दिलेला पांढरा शर्ट. हे सर्व खरे आहे. ज्या पिवळ्या शर्टाने पुढे जग जिंकले, तो त्या पराभवानंतर वर्तमानपत्राने घेतलेल्या स्पर्धेतून निवडला गेला. पण २०१४ समजून घ्यायला १९५० फारसे उपयोगी पडत नाही, असे माझे मत आहे. तो एका गोलचा पराभव होता, आणि त्याच्या आठवडाभर आधी ब्राझीलनेच स्वीडनला ७–१ असे झोडपले होते. तो संघ खरोखर उत्तम होता. लोकांना धक्का बसला तो या उत्तम संघाचे नशीब फिरल्याचा. २०१४च्या प्रेक्षकांच्या मनात आपला संघ उत्तम आहे का, ही शंका आधीपासूनच होती. त्यांनी ती फक्त दाबून ठेवली होती.

शंका दाबून ठेवायला कारणेही होती. मायदेशातला त्याआधीचा स्पर्धात्मक पराभव १९७५चा, पेरूविरुद्ध ३–१ असा, आणि तोही याच मिनेराओवर. त्यानंतर ६२ सामने ब्राझील घरात हरला नव्हता. मैदानात बसलेल्या बहुसंख्य लोकांच्या कळत्या वयात राष्ट्रीय संघाने देशात असा पराभव पाहिलेलाच नव्हता.

त्याहून जवळचे आणि जास्त फसवे कारण म्हणजे २०१३चा जून. साओ पावलोत बसभाडे २० सेंटाव्होंनी (तिथल्या पैशांनी) वाढले आणि त्यातून पेटलेले आंदोलन बघता बघता देशभर पसरले. यजमानपद २००७मध्येच मिळाले होते. मधल्या वर्षांत बारा शहरांत स्टेडियमे उभी राहिली किंवा नव्याने बांधली गेली. त्यांपैकी मानाउससारख्या शहराच्या वाट्याला विश्वचषकाचे जेमतेम चार सामने येणार होते आणि नंतर ती मैदाने भरतील असे मोठे क्लब तिथे नव्हते. ‘स्टेडियमला जागतिक दर्जा, मग दवाखान्यांना आणि शाळांना का नाही?’ हा त्या महिन्यातला प्रश्न होता, आणि तो रास्तच होता. नेमकी त्याच वेळी कॉन्फेडरेशन्स चषकाची, म्हणजे विश्वचषकाच्या रंगीत तालमीची, स्पर्धा देशात सुरू होती. बाहेर अश्रुधूर आणि आत खचाखच भरलेली मैदाने, असे विचित्र चित्र तयार झाले. फोर्तालेझाच्या सामन्याआधी राष्ट्रगीताचे वाद्यसंगीत नियमाप्रमाणे अर्ध्यात थांबले, पण प्रेक्षक आणि खेळाडू थांबले नाहीत. उरलेले कडवे त्यांनी वाद्यांशिवाय पूर्ण केले. पुढे प्रत्येक सामन्यात तसेच होऊ लागले. अंतिम सामन्यात तेव्हाच्या जगज्जेत्या स्पेनला ३–० असे हरवल्यावर देशाची समजूत झाली की हे गाणेच संघाला जिंकवते.

एका वर्षाने विश्वचषकात ते गाणे जास्त मोठ्या आवाजात आणि डोळ्यांत जास्त पाणी आणून गायले जात होते. खेळ मात्र आटला होता. २८ जूनला याच मिनेराओवर चिलीविरुद्ध शेवटच्या क्षणी प्रतिस्पर्ध्याचा फटका आडव्या खांबावर आदळला म्हणून ब्राझील वाचला. पेनल्टी शूटआउटच्या आधी कर्णधार बाजूला बसून रडताना दिसला. मग मानसतज्ज्ञाला बोलावणे गेले आणि ‘आपली मुले फार रडतात’ ही देशभरची चर्चा झाली. ४ जुलैला फोर्तालेझात कोलंबियाविरुद्ध दोन घाव एकदम बसले. दहा नंबरच्या खेळाडूच्या पाठीच्या मणक्याला गुडघा लागून हाड मोडले. कर्णधाराला समोरच्या गोलरक्षकाच्या वाटेत आल्याबद्दल स्पर्धेतले दुसरे पिवळे कार्ड मिळाले आणि तो उपांत्य सामन्याला मुकला. निलंबन उठवण्यासाठी केलेला अर्ज फेटाळला गेला. उपांत्य सामन्यात राष्ट्रगीताच्या वेळी बदली कर्णधार आणि गोलरक्षकाने जखमी खेळाडूचा दहा नंबरचा शर्ट दोघांमध्ये धरून ठेवला होता. गैरहजर माणसाच्या नावाने मैदानात उतरलेला तो संघ होता.

आता त्या निर्णयाकडे येऊ, ज्यावर ब्राझीलमध्ये अजून वाद घातला जातो. दहा नंबरच्या जागी कोण? बहुतेकांच्या मते दोन पर्याय होते. एक, क्लब फुटबॉलमध्ये स्थिरावलेला, त्याच जागेवर खेळू शकणारा आक्रमक. दुसरा, आक्रमकाऐवजी मधल्या फळीत तिसरा माणूस घालून जर्मनीच्या तिघांसमोर तीन उभे करणे. प्रशिक्षकाने यांपैकी काहीच केले नाही. त्याने २१ वर्षांच्या एका बारक्या चणीच्या विंगरला (कडेने चढाई करणाऱ्या खेळाडूला) उतरवले. हा मुलगा बेलो होरिझोन्टेचा. शहरातल्या क्लबकडून खेळताना त्याने आदल्याच वर्षी खंडाचा सर्वांत मोठा क्लब-चषक जिंकला होता, आणि त्या अंतिम लढतीचा निर्णायक सामना याच मिनेराओवर झाला होता. त्याच्या पायांत आनंद आहे, असे प्रशिक्षक त्याच्याविषयी आधी बोलून गेला होता. निवड जाहीर होताच मैदानात जल्लोष झाला. प्रेक्षकांना हवे तेच मिळाले होते.

सामन्यानंतर हेच वाक्य त्या मुलाच्या विरोधात वापरले गेले. मधली फळी उघडी पडली, ती या एका नावामुळे, असा निकाल टीव्हीवरच्या पंडितांनी रातोरात दिला आणि तो अजून टिकून आहे. मला हा निकाल अन्यायाचा वाटतो. गोल एकेक करून आठवून पाहा. पहिला कॉर्नरवरचा. गोलसमोर प्रतिस्पर्धी मोकळा सुटला, आणि त्याला धरण्याची जबाबदारी बदली कर्णधाराची होती. चौथा गोल झाला तो अनुभवी मध्यरक्षकाने स्वतःच्या गोलपासून थोड्या अंतरावर चेंडू गमावल्यामुळे. मधल्या गोलांत बचावपटू आपली जागा सोडून पुढे गेलेले दिसतात आणि त्यांच्यामागे मोकळे रान. यात तो विंगर कुठे आहे? मध्यंतराला प्रशिक्षकाने दोन बदल केले. एक मध्यरक्षक आणि दुसरा विंगर बाहेर आले, त्यांच्या जागी दोन मध्यरक्षक आले. म्हणजे तिसरा मध्यरक्षक अखेर मिळाला, आणि तो मुलगा पूर्ण ९० मिनिटे मैदानात राहिला. दुसऱ्या अर्धाच्या सुरुवातीला ब्राझीलला ज्या बऱ्या संधी मिळाल्या, त्या हाच मुलगा मैदानात असताना.

निवडीच्या बाजूनेही थोडे बोलायला हवे. जर्मनीचा त्या दिवशीचा डावा बचावपटू मुळात मधल्या जागेवरचा होता आणि वेगवान विंगरसमोर तो अडखळेल, हा हिशेब वेडगळ नव्हता. चूक दुसरीकडे होती. दोन बचावात्मक मध्यरक्षकांच्या जोडीने जर्मनीच्या तिघांना रोखायचे असेल तर बाकीच्यांनी मागे येऊन जागा बंद कराव्या लागतात, आणि भावनेच्या भरात पहिल्या मिनिटापासून पुढे धावत सुटलेल्या संघाकडून ते होणार नव्हते. संघनिवड माझी, जबाबदारी माझी, असे प्रशिक्षकाने सामन्यानंतर मान्य केले. तरीही खापर विंगरवर फुटत राहिले, कारण प्रशिक्षकाने २००२मध्ये विश्वचषक जिंकून दिला होता आणि या मुलाने देशाला तसे काहीच जिंकून दिले नव्हते.

आघाडीवीराची गोष्ट याहून कडू आहे. हुर्यो सर्वांत जास्त त्याचीच उडाली; चेंडू त्याच्या पायाशी आला की शिट्ट्या. तो याच मिनास जेराइस राज्यातला, याच शहरातल्या क्लबांतून वर आलेला. २६ जून २०१३ रोजी कॉन्फेडरेशन्स चषकाच्या उपांत्य सामन्यात उरुग्वेविरुद्ध ब्राझीलचा पहिला गोल त्याने याच मैदानावर केला होता, आणि ती स्पर्धा त्याने पाच गोलांनिशी संपवली होती. २०१४च्या विश्वचषकात त्याच्या नावावर एकच गोल लागला. पण जर्मनीचे सात गोल त्याने अडवायचे होते का? त्यानंतर तो राष्ट्रीय संघाकडून कधीच खेळला नाही.

टाळ्यांकडे वळू. त्या दिवशी मैदानात कोण बसले होते, हे विचारल्याशिवाय त्या कळत नाहीत. माराकानावरची स्वस्त, उभ्याने पाहायची जागा २००५मध्येच बंद झाली होती. विश्वचषकाची तिकिटे सामान्य पाठीराख्याच्या आवाक्याबाहेर गेली. दर रविवारी ढोल घेऊन क्लबमागे फिरणारे लोक बाहेर राहिले आणि मैदानात बव्हंशी खाऊनपिऊन सुखी घरांतली माणसे आली. याच वर्गाने १२ जूनला साओ पावलोत सलामीच्या सामन्यात राष्ट्राध्यक्षांना शिव्या घातल्या होत्या. बेलो होरिझोन्टेत त्या पुन्हा ऐकू आल्या. हे लोक संघावर रागावले तसे देश चालवणाऱ्यांवरही रागावलेले होते, आणि ‘ओले’ हा तो राग सभ्यपणे बाहेर काढण्याचा मार्ग झाला.

शिवाय जर्मन संघाबद्दल राग धरावा असे काही घडले नव्हते. त्यांचा तळ बाहिया राज्याच्या किनाऱ्यावर होता, तिथल्या आदिवासींबरोबर ते नाचले होते. त्या दिवशी त्यांनी घातलेले लाल-काळ्या पट्ट्यांचे शर्ट रिओच्या सर्वांत लोकप्रिय क्लबच्या शर्टाची आठवण करून देणारे होते. दुसऱ्या अर्धात प्रतिस्पर्ध्याची खिल्ली उडवायची नाही, असे मध्यंतरात ठरवल्याचे त्यांच्या बचावपटूने नंतर सांगितले. आणि दुसऱ्या उपांत्य सामन्यात अर्जेंटिना होती, जिचे पाठीराखे महिनाभर ब्राझीलच्या रस्त्यांवर डिवचणारे गाणे गात फिरत होते. अंतिम सामन्यात कित्येक ब्राझीलकर जर्मनीच्या बाजूने उभे राहिले, यात नवल नाही. विश्वचषकाची प्रतिकृती छातीशी धरलेल्या म्हाताऱ्या पाठीराख्याचा फोटो जगभर गेला. सामना संपल्यावर त्याने ती प्रतिकृती एका जर्मन तरुणीच्या हाती दिली.

मैदानाबाहेर रात्र इतकी शांत गेली नाही. रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर मोठ्या पडद्यासमोरच्या गर्दीत पळापळ झाली, साओ पावलोत बस जाळल्या गेल्या. ट्विटरवर सामन्याच्या काळात ३ कोटी ५६ लाख ट्विट पडली. तोवर एकाही खेळाच्या सामन्याला इतकी पडली नव्हती. सामना सुरू झाला तेव्हा आपल्याकडे ९ जुलै लागून मध्यरात्रीनंतरचा दीड वाजला होता. कोल्हापूरच्या ज्या पेठांत ब्राझीलचे झेंडे आणि फलक लागतात तिथे, आणि गोव्यातही, लोक जागेच होते.

पुढची वर्षे ब्राझीलमध्ये या सामन्यापेक्षा जास्त त्याच्या अर्थावर गेली. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात नेदरलँड्सकडून ०–३ हरल्यावर प्रशिक्षक गेला. त्याच्या जागी आधी एकदा येऊन गेलेलाच प्रशिक्षक परत आणला गेला, तेव्हा मुळापासून बदल होईल ही आशा संपली. मे २०१५मध्ये फुटबॉलमधल्या भ्रष्टाचाराच्या प्रकरणात झुरिकला अटक झालेल्यांत देशाच्या फुटबॉल महासंघाचा माजी प्रमुख होता. ‘रोज एक नवा सात-एक’ हे वाक्य भ्रष्टाचारापासून महागाईपर्यंत सगळ्याला लागू लागले. २०१५-१६मध्ये राष्ट्राध्यक्षांना हटवण्याच्या मोर्च्यांत राष्ट्रीय संघाचा पिवळा शर्ट गणवेशासारखा घातला गेला. २०१८ आणि २०२२च्या निवडणुकांत तो एका, म्हणजे उजव्या, बाजूचाच झाला. दुसऱ्या बाजूच्या कित्येकांनी विश्वचषकातही तो घालायचे सोडून दिले. जुन्या पिढीने शर्टाचा रंग पराभवानंतर बदलला होता. या पिढीत रंग तोच राहिला आणि माणसे त्याच्यापासून दूर गेली. मला यातले दुसरे जास्त गंभीर वाटते.

मैदानावर काही परतफेड झाली. २०१६च्या ऑलिम्पिकमध्ये माराकानावर जर्मनीला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून फुटबॉलमधले पहिले सुवर्ण आले, आणि शेवटची पेनल्टी २०१४ला जखमी झालेल्या त्याच दहा नंबरने मारली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संघ मिनेराओवर परतला आणि अर्जेंटिनाला ३–० असे हरवून गेला. २०१९च्या कोपा अमेरिकाचा (दक्षिण अमेरिकेच्या चषकाचा) उपांत्य सामनाही तिथेच, अर्जेंटिनाविरुद्धच, २–० असा जिंकला. पण नोव्हेंबर २०२३मध्ये माराकानावर अर्जेंटिनाने ब्राझीलला १–० असे हरवले. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत ब्राझील मायदेशात हरण्याची ती पहिलीच वेळ. सामना सुरू होण्यापूर्वी स्टँडमध्ये पोलिसांच्या लाठ्या चालल्या होत्या, आणि खेळ जवळपास अर्धा तास उशिरा सुरू झाला.