सायबर सुरक्षा व्यवसाय : आवश्यक ज्ञान व कौशल्ये

संगणक, नेटवर्क, त्यांत साठवलेली माहिती आणि त्यांवर चालणारे व्यवहार यांचे अनधिकृत प्रवेश, फेरफार, चोरी व खोळंबा यांपासून रक्षण करण्याच्या कामाला सायबर सुरक्षा म्हणतात. माहितीची गोपनीयता, तिची अखंडता आणि हवी तेव्हा तिची उपलब्धता या तीन गोष्टी टिकवणे हे या कामाचे सर्वमान्य उद्दिष्ट आहे. रात्रपाळीत नोंदींवर पहारा ठेवणारा विश्लेषक, परवानगी घेऊन यंत्रणेत शिरून तिच्यातील कच्चे दुवे शोधणारा चाचणीकार, जप्त केलेल्या हार्ड डिस्कमधून पुरावा काढणारा न्यायसहायक तज्ज्ञ आणि संस्थेचे सुरक्षा धोरण ठरवणारा अधिकारी यांची रोजची कामे एकमेकांपासून बरीच निराळी असतात. तरीही त्यांच्या ज्ञानाचा पाया एकच असतो. यंत्रणा सुरळीत चालू असताना कशी वागते हे बारकाईने ठाऊक असणे, हाच तो पाया होय. अमुक गोष्ट विपरीत आहे हे ओळखण्यासाठी नेहमीचे काय असते ते आधी माहीत असावे लागते.

म्हणूनच या क्षेत्राचे शिक्षण हल्ल्याच्या साधनांपासून नव्हे, तर नेटवर्क आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांपासून सुरू व्हावे. ब्राउझरमध्ये एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता टाकून एंटर दाबल्यावर नेमके काय काय घडते, हा प्रश्न मुलाखतींत वर्षानुवर्षे विचारला जातो. त्याच्या उत्तरात नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएसकडून सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे अंकी पत्ता, मिळवणे, त्या सर्व्हरशी टीसीपीची तीन टप्प्यांची जोडणी, संवाद गूढ करणाऱ्या टीएलएसखाली संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची पडताळणी आणि मग पान मागणारी एचटीटीपीची विनंती हे सगळे क्रमाने येते. या प्रत्येक टप्प्यावर स्वतंत्र प्रकारचा हल्ला होऊ शकतो, त्यामुळे ज्याला हा क्रम नीट सांगता येतो त्याला धोक्याच्या जागाही सांगता येतात. याच्या जोडीला लिनक्स आणि विंडोज या दोन्हींमधील वापरकर्ते, परवानग्या, प्रक्रिया व सेवा यांची माहिती आणि कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टंकून काम करण्याच्या पडद्यावर, सहज वावरण्याची सवय लागते.

नोंदी म्हणजे लॉग वाचणे हे या व्यवसायातील सर्वांत कमी दिखाऊ, पण सर्वांत मोलाचे कौशल्य आहे. समजा, एका पतसंस्थेच्या सर्व्हरवर पहाटे 2 नंतर पासवर्ड चुकल्याच्या शंभरभर नोंदी दिसतात. त्या एकाच खात्याच्या नावावर आणि बरोबर पाच-पाच मिनिटांच्या अंतराने असतील, तर बहुधा पासवर्ड बदलल्यावर आपोआप बॅकअप घेणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे छोट्या प्रोग्रॅममध्ये, जुनाच पासवर्ड राहून गेला आहे. पण त्याच नोंदींत जोशी, पाटील, कुलकर्णी, अ‍ॅडमिन अशा वेगवेगळ्या खात्यांवर प्रत्येकी एकच प्रयत्न असेल, तर कोणी तरी एक सोपा पासवर्ड सगळ्या खात्यांवर लावून पाहत आहे; तीन किंवा पाच चुकांनंतर खाते बंद करण्याचा नियम अशा वेळी निरुपयोगी ठरतो, कारण एकाही खात्यावर तितक्या चुका होतच नाहीत. त्यानंतर एखादी नोंद यशस्वी प्रवेशाची दिसली, तर त्या खात्याने पुढे कोणती फाइल उघडली, कोणता नवा वापरकर्ता तयार केला आणि कोणत्या पत्त्याशी संपर्क साधला, याचा माग काढावा लागतो. हे करताना वेळेचे भान सुटू देता कामा नये. सर्व्हरच्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेत आणि कार्यालयातील कॅमेऱ्याच्या नोंदी भारतीय वेळेत असतील, तर साडेपाच तासांचा फरक विसरणारा तपासनीस निरपराध कर्मचाऱ्यावर संशय घेऊ शकतो.

ज्या व्यवसायाचे रक्षण करायचे त्याचे कामकाज समजून घेण्याची गरज किती मोठी असते, हे पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट 2018 मध्ये झालेल्या हल्ल्यावरून कळते. एटीएममध्ये कार्ड घातल्यावर पैशांची मागणी बँकेच्या स्विचकडे, म्हणजे कार्डाचे व्यवहार योग्य जागी पाठवणाऱ्या यंत्रणेकडे, जाते आणि तेथून ती खात्यातील शिल्लक तपासण्यासाठी मुख्य प्रणालीकडे जाणे अपेक्षित असते. हल्लेखोरांनी या मार्गातच बनावट स्विच उभा करून मुख्य प्रणालीला न विचारता मंजुरी दिली. 11 ऑगस्टला बनावट कार्डे वापरून 28 देशांतील तसेच भारतातील एटीएममधून रकमा काढण्यात आल्या, 13 ऑगस्टला बँकांमधील आंतरराष्ट्रीय संदेशांच्या स्विफ्ट प्रणालीतून हाँगकाँगमधील खात्यात सुमारे 14 कोटी रुपये वळवले गेले आणि एकूण नुकसान सुमारे 94 कोटी रुपयांचे झाले. अशा हल्ल्यात प्रश्न पडायला हवा तो एवढाच, की मंजूर झालेल्या प्रत्येक व्यवहाराला मुख्य प्रणालीत जोडनोंद आहे का. हा प्रश्न सुचण्यासाठी मालवेअरच्या, म्हणजे घातक सॉफ्टवेअरच्या, माहितीइतकेच बँकेच्या हिशेबाचेही ज्ञान हवे. वाणिज्य शाखेतून आलेल्या किंवा लेखापरीक्षणाचा अनुभव असलेल्या व्यक्तींनी हे क्षेत्र आपले नाही असे मानण्याचे म्हणूनच काहीही कारण नाही.

प्रोग्रॅमिंगमध्ये प्रत्येकाने पारंगत असावे असे नाही, परंतु दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून समजणे आणि पायथॉनसारख्या भाषेत लहान स्क्रिप्ट लिहून हजारो ओळींतून हवी ती ओळ काढणे जमले पाहिजे. वेब अ‍ॅप्लिकेशनच्या चाचणीत एसक्यूएल इंजेक्शनसारखे दोष सापडतात ते वापरकर्त्याने भरलेला मजकूर आणि डेटाबेसला द्यायची आज्ञा यांची सरमिसळ झाल्यामुळे, आणि ती का होते हे कोड वाचल्याशिवाय उमगत नाही. गूढलेखनशास्त्राचे (क्रिप्टोग्राफीचे) गणित सर्वांना लागत नाही. त्यामागील शिस्त मात्र सर्वांना लागते. गूढलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी केवळ किल्ली गुप्त असल्याच्या बळावर यंत्रणा सुरक्षित राहिली पाहिजे, हे तत्त्व गूढलेखनाचे अभ्यासक ऑग्यूस्त केर्कहॉफ्स यांनी 1883 मध्ये मांडले आणि ते आजही लागू आहे. स्वतःची पद्धत शोधून काढण्यापेक्षा जगभर तपासून घेतलेली पद्धत वापरावी आणि ती कालबाह्य कधी झाली यावर लक्ष ठेवावे. 2017 मध्ये दोन वेगवेगळ्या पीडीएफ फाइलींचा शा-1 या पद्धतीने काढलेला हॅश, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेले ठशासारखे ओळखमूल्य, एकच येऊ शकतो हे संशोधकांनी प्रत्यक्ष दाखवून दिले. त्यानंतर नव्या कामात ती पद्धत वापरणे हा अक्षम्य निष्काळजीपणा ठरतो.

प्रत्यक्ष नोकरीतला बराचसा वेळ मात्र चिकाटीच्या कामात जातो. संस्थेकडे किती संगणक आहेत, त्यांवर कोणती सॉफ्टवेअर आहेत आणि कोणते पॅच, म्हणजे दोष दुरुस्त करणारे बदल, बसवायचे राहिले आहेत, याची खरी यादी अनेक ठिकाणी नसते. 12 मे 2017 रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर मालवेअरने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा त्याने वापरलेला विंडोजमधील दोष दुरुस्त करणारा पॅच मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिलेला होता. त्याच वर्षी 27 जूनला पसरलेल्या नॉटपेट्यामुळे जवाहरलाल नेहरू बंदरातील, मर्स्क या जहाजवाहतूक समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. नॉटपेट्या तोच दोष वापरत असे, शिवाय एका संगणकाच्या स्मृतीतून पासवर्ड काढून पॅच बसवलेल्या शेजारच्या संगणकांतही शिरत असे. त्यामुळे पॅचइतकेच, कोणाला किती अधिकार द्यायचे याचेही ज्ञान आवश्यक ठरते.

कायद्याची ओळख ही या व्यवसायात जादा पात्रता मानली जाते, ते योग्य नाही. ती पहिल्या दिवसापासून हवी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम 2000 च्या कलम 43 नुसार मालकाच्या परवानगीविना संगणकात प्रवेश करणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी येते, आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम 66 नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिकाऊ विद्यार्थ्याने उत्साहाच्या भरात महाविद्यालयाचे संकेतस्थळ तपासणे हेदेखील लेखी परवानगीशिवाय करू नये. त्याच अधिनियमाच्या कलम 70ख खाली सायबर घटना हाताळणाऱ्या सर्ट-इन या राष्ट्रीय संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात, नोंदी 180 दिवस जपाव्या लागतात आणि घड्याळे प्रमाणित वेळेशी जुळवलेली ठेवावी लागतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे हॅश मूल्य नोंदवायचे असते, म्हणून डिस्कची प्रत काढताना ते मूल्य लगेच टिपून ठेवण्याची सवय तपासनिसाला लागते.

लेखन आणि संभाषण यांकडे अभ्यासक्रमांत दुर्लक्ष होते. सापडलेला दोष काय आहे, तो पुन्हा कसा पडताळायचा, त्यातून काय नुकसान होऊ शकते आणि दुरुस्ती कोणी करायची, हे तांत्रिक नसलेल्या व्यवस्थापकालाही समजेल अशा भाषेत लिहिता न आल्यास उत्तम चाचणीही वाया जाते. फसव्या दुव्यावर बोट पडलेला लेखनिक आपली चूक दहा मिनिटांत सांगतो की दोन दिवस लपवतो, हे बव्हंशी सुरक्षा विभागाचे लोक त्याच्याशी कसे बोलतात यावर अवलंबून असते. आज रात्री वीज तोडली जाईल अशी भीती घालणारे संदेश जर लोकांच्या बोलीत येतात, तर त्यांविषयीचे प्रशिक्षणही त्याच बोलीत द्यावे लागते, आणि ते देऊ शकणारी माणसे मराठीत अद्याप थोडी आहेत.

अभियांत्रिकीची पदवी उपयोगी पडते, पण अनिवार्य नसते. 1988 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमार्फत माहिती तंत्रज्ञानाच्या पायाभूत सुविधा, प्रणाली आणि सुरक्षा या विषयांची पदव्युत्तर पदविका दिली जाते. प्रमाणपत्रांपैकी सिक्युरिटी प्लस हे नवख्यांना झेपते. यंत्रणेत शिरून चाचणी करण्याच्या कौशल्याचे प्रमाणपत्र असलेल्या ओएससीपीसाठी सुमारे 24 तासांची प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. अनुभवी सुरक्षा व्यावसायिकांचे सीआयएसएसपी हे पाच वर्षांच्या अनुभवाच्या अटीमुळे मुळातच नवख्यांसाठी नाही, त्यामुळे पदवी मिळताच त्याच्या शिकवणीवर पैसे खर्च करण्यात फारसा अर्थ नसतो. त्याऐवजी घरच्या संगणकावर दोन-तीन आभासी यंत्रे, म्हणजे सॉफ्टवेअरने त्याच संगणकात चालणारे वेगळे संगणक, उभारून एकावरून दुसऱ्यावर हल्ला करावा, त्याच वेळी दुसऱ्याच्या लॉगमध्ये त्याच्या कोणत्या खुणा उमटतात ते पाहावे आणि दोन्हींची टिपणे तारीखवार ठेवावीत. नोकरीच्या मुलाखतीत ही टिपणवही प्रमाणपत्राइतकीच कामाला येते.