सीट, हँडल, चाक आणि व्हॉल्व्ह ट्यूब

रिमचं घड्याळ, चेनची फोटोफ्रेम, भिंतीवर ठोकलेलं हँडल आणि त्याला अडकवलेल्या टोप्या. शहरातल्या नव्या कॅफेंत आणि भेटवस्तूंच्या दुकानांत हल्ली सायकल अशी तुकड्यातुकड्यांनी भेटते. त्यातलं बरंचसं नुसतं शोभेचं असतं. पण रोजच्या वस्तूला तिच्या कामावरून उठवायचं आणि भलत्याच जागी नेऊन बसवायचं, ही खोडी शंभर वर्षांहून जुनी आहे. आणि तिच्या सुरुवातीलाही सायकलच आहे.

१९१३ साली पॅरिसमध्ये मार्सेल द्युशाँ या फ्रेंच चित्रकाराने सायकलचं पुढचं चाक चिमट्यासकट घेतलं, उलटं केलं आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं. चाकाला हात मारायचा आणि ते फिरताना बघत बसायचं. शेकोटीतल्या ज्वाळांकडे बघावं तसं, असं तो पुढे सांगायचा. कलाकृती वगैरे करायचा त्याचा बेत नव्हता. अशा वस्तूंसाठी ‘रेडिमेड’ हा शब्द त्याला दोन वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये सुचला, आणि त्याने प्रदर्शनाला पाठवलेल्या ज्या मुतारीच्या भांड्यावरून गहजब झाला ते आलं १९१७ मध्ये. तोवर पॅरिसचं चाक कचऱ्यात गेलेलं होतं. द्युशाँ अमेरिकेला गेल्यावर बहिणीने त्याची खोली आवरली, त्यात ते फेकलं गेलं. न्यूयॉर्कमध्ये त्याने दुसरं केलं, तेही हरवलं. तिथल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आज दिसतं ते तिसरं, १९५१ चं. कुठलंही चाक, कुठलंही स्टूल चालत असेल तर ‘अस्सल’ कुणाला म्हणायचं? मला वाटतं, खरी गंमत इथेच आहे. फक्त आता त्या चाकाला हात लावता येत नाही.

मार्सेल ब्रॉयरचं प्रकरण थोडं वेगळं. १९२५ मध्ये जर्मनीतल्या बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेतला हा तेविशीचा तरुण आडलर कंपनीची सायकल वापरत होता. पोलादी नळी वाकवून इतकं मजबूत हँडल होत असेल, तर खुर्ची का होऊ नये? त्याने केली. आज दवाखान्यांत, सरकारी कचेऱ्यांत वाकवलेल्या नळीच्या ज्या खुर्च्या असतात, त्यांचं गोत्र तिथवर जातं. पण इथे वस्तू उचलली नाही, तिचं तंत्र उचललं. म्हणून त्या खुर्चीकडे बघून कुणाला हसू येत नाही.

हसू आणलं पिकासोने, तेही १९४२ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये. भंगाराच्या ढिगात त्याला एक जुनी सीट आणि गंजकं हँडल दिसलं. सीट म्हणजे तोंड, हँडल म्हणजे शिंगं, बैलाचं मुंडकं तयार! त्याच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही तुकडे डोक्यात आपोआपच जुळले, विचार करावाच लागला नाही. बघणाऱ्यालाही तसंच होतं. आधी बैल दिसतो, मग सायकल, मग पुन्हा बैल. पिकासोची इच्छा तर याहून मजेची होती. हे मुंडकं उद्या कुणीतरी फेकून द्यावं, आणि दुसऱ्या कुणाला ते सापडून वाटावं, अरे, हे तर माझ्या सायकलला बसेल! पुढे त्याने त्याची ब्राँझमध्ये ओतीव प्रत केली आणि परतीची वाट स्वतःच बंद केली. ब्राँझची सीट कुठल्या सायकलला बसणार?

ती वाट सगळ्यात नीट जपली मिलानच्या कास्तिल्योनी या डिझायनर भावांनी, आकिले आणि पिएर जाकोमो यांनी. १९५७ मध्ये त्यांनी फोनवर बोलताना बसण्यासाठी एक आसन केलं, नाव ‘सेल्ला’. शर्यतीच्या सायकलची सीट, गुलाबी रंगाचा दांडा आणि खाली ओतीव लोखंडाचा अर्धगोल. बुड गोल, त्यामुळे ते स्वतःच्या पायावर उभं राहत नाही. बसणाऱ्याने पाय जमिनीवर रोवायचे. आकिले म्हणायचे, फोनवर बोलताना मला फिरायलाही आवडतं आणि बसायलाही, पण पुरतं नाही. या अर्धवट बसण्यासाठी सायकलच्या सीटइतकी योग्य वस्तू दुसरी नाही. हा नुसता विनोद नव्हे, त्यात बसण्याचा बारीक अभ्यास आहे. त्याच वर्षी त्यांनी ट्रॅक्टरच्या सीटचंही स्टूल केलं. १९६२ मध्ये दिवा केला, त्यात मोटारीच्या हेडलाइटचा बल्ब आणि वायर ओवायला गळाच्या काठीच्या कड्या. ‘सेल्ला’ कारखान्यातून निघायला मात्र १९८३ उजाडलं. लोकांना हसायला वेळ लागतो.

नेदरलँड्सच्या ‘द्रोग’ या डिझायनरांच्या गटाने १९९३ मध्ये मिलानच्या फर्निचर जत्रेत वेगवेगळ्या मापांचे जुने ड्रॉवर पट्ट्याने बांधलेलं कपाट मांडलं, तेव्हा वाट बरीच रुळलेली होती. मग प्रमाण वाढत गेलं. चीनचा कलाकार आय वेवे याने शांघायच्या ‘फॉरेव्हर’ सायकली एकमेकींना जोडून २००३ पासून मोठमोठ्या रचना केल्या. २०१३ मध्ये टोरांटोत त्याने ३,१४४ सायकली रचल्या. बिहारचे शिल्पकार सुबोध गुप्ता यांनी दुधाचे कॅन लटकवलेली गवळ्याची सायकल ब्राँझमध्ये घडवली. दोन्ही कामं भव्य आहेत, पण त्यांतल्या सायकलवर टांग टाकता येत नाही. पिकासोची ती इच्छा इथे संपते.

ती जिवंत आहे एका फार स्वस्त कामात, ज्याला कुणी कलादालनात ठेवत नाही. आयआयटी कानपूरमधून १९७५ मध्ये इंजिनिअर झालेले अरविंद गुप्ता पुण्यात टेल्कोत, म्हणजे टाटांच्या मोटार कारखान्यात, नोकरीला होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. खेड्यातल्या शाळेत प्रयोगशाळा नसते, पण बाजार असतो. तिथल्या दोन वस्तू त्यांनी जोडल्या: काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. ही ट्यूब म्हणजे जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवर चढवायची बारीक रबरी नळी. ती हवा आत जाऊ देते, बाहेर येऊ देत नाही. तिचे छोटे तुकडे करायचे, काडीचा गूल खरवडून टाकायचा आणि दोन्ही टोकांतून काड्या खुपसायच्या. झाला सांधा. तिसरी काडी हवी असेल तर नळीला मधोमध भोक. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अशी शेकडो खेळणी मुलांकडून करून घेतली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या काड्यांचा चौकोन केला की तो लगेच कलंडतो. पंचकोन तर पार लुळा. त्रिकोण मात्र दाबा, ओढा, हलत नाही. चौकोनात एक तिरपी काडी घातली की तोही ताठ उभा राहतो. हे एकदा बोटांना कळलं की बाहेर उभ्या असलेल्या वडिलांच्या सायकलकडे बघावं: सीटखालून मागच्या चाकाच्या आसापर्यंत गेलेल्या नळ्यांचा त्रिकोण, आणि पुढे जवळपास त्रिकोणच.